मेलेल्या मेपलचा गोड रस

"वाहतोय! अरे, वाहतोय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि निम्मं स्टिलब्रुक गाव चिखलात गुडघे टेकून बसलं.

सभागृहासमोरच्या मैदानातलं ते मेपलचं झाड मरून कैक वर्षं झाली होती. साल गळालेली, खोड पोकळ, फांद्या काळ्याठिक्कर. पण खोडात ठोकलेल्या तोटीतून रस टपटप बादलीत पडत होता. वर धुकं उतरलेलं, खाली मेणबत्त्या, आणि तोटीशेजारी हात पसरून उभे फिरते धर्मोपदेशक ब्रदर लेमुएल.

"बघा, बघा!" ब्रदर गहिवरले. "तुमच्या खापरपणजोबांनी लावलेलं झाड तुमच्यासाठी रडतंय! गावाची तिजोरी रिकामी आहे, हे त्याला कळलंय. ते म्हणतंय, लेकरांनो, घरपट्टी वाढवू नका. मैदान ब्रदरच्या ट्रस्टकडे द्या. दूरदूरचे भक्त येतील, तुमची तूट मी भरून काढीन!"

मला बाई झाडांची भाषा येत नाही. पण या डोंगरात मी म्हातारी झाले, घरपट्टीवर बोलणारं झाड काही मला भेटलं नव्हतं. आणि त्यातून ट्रस्टची माहिती असलेलं!

गावाच्या अंदाजपत्रकाला त्या वर्षी मोठं भगदाड पडलं होतं. घरपट्टी वाढवायची, नाहीतर गावाची अँब्युलन्स बंद करायची, असा सरळ हिशेब होता. मार्चच्या गावसभेत त्यावर हात वर करायचे होते. दवाखाना डोंगरापलीकडे. शेजारच्या गावातून गाडी मागवली, तर ती येईपर्यंत माणूस असेल की नाही, देव जाणे. पण घरपट्टी म्हटलं की आमच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. तेवढ्यात हे ब्रदर आपली घरगाडी घेऊन मैदानात उतरले आणि झाडाला पाझर फुटला.

आता गोम अशी, की मी गावसभेची अध्यक्ष. अध्यक्षानं कुणाची बाजू घ्यायची नाही, असा आमचा जुना नियम. त्यामुळे मी ओठ शिवून घेतले होते. मात्र डोळे उघडे होते.

मार्चमध्ये आम्ही मेपलला तोट्या ठोकून रस काढतो आणि तो उकळून पाक करतो. त्या आठवड्यात थंडी पळाली होती. रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं, तरच मेपलचा रस धावतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रात्री गोठतच नव्हतं, म्हणून डोंगरावरच्या सगळ्यांच्या बादल्या कोरड्या ठणठणीत. आणि हे मेलेलं झाड मात्र रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळेला वाहत होतं.

"अगं, म्हणूनच तर चमत्कार!" माझा शेजारी होलिस मला म्हणाला. "जिवंत झाडं आटली आणि मेलेलं वाहतंय. आणखी काय हवंय तुला?"

"मला? मला थोडी अक्कल हवी आहे, होलिस. माझ्यासाठी नव्हे."

"तू ना, नास्तिक ती नास्तिकच राहणार," असं म्हणून तो हसला आणि त्या रसानं भरलेला जग छातीशी धरून घरी निघाला. जग बायकोसाठी होता. त्याच्या एडाला कित्येक वर्षांचा मधुमेह. ब्रदरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "हा रस पीत जा, ताई. सुईची गरजच उरणार नाही."

मी एडाकडे गेले. खिडकीशी बसली होती, गालफडं बसलेली. हातात पेला.

"एडा, गोड पितेस?"

"अगं, मेपलचा रस तो! त्यात साखर ती कितीशी? लहानपणापासून पितोय आपण, निव्वळ पाणी." तिनं पेला रिकामा केला. "पण हा खरंच गोड आहे हं. दिवसेंदिवस जास्त गोड होतोय. ब्रदर म्हणतात, श्रद्धा वाढेल तशी गोडी वाढते."

"आणि सुई?"

"निम्मी केलीय." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "तहान फार लागते गं हल्ली. पितेय तेवढी वाढतेय. ओत ना जरा."

मी ओतलं. तिच्या हातात पेला दिला. तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. जन्मभर रस उकळलेली मी बाई, रस म्हणजे पाणी हे इतकं अंगात मुरलेलं, की हे रसच नसेल अशी शंका आली नाही. घरी आले तरी तिची ती जीभ डोळ्यांपुढून जाईना.

गावसभेच्या आदल्या दिवशी होलिसनं माझं दार बडवलं. एडा स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती, श्वास घेताना छाती भात्यासारखी हलत होती. अँब्युलन्स कोपऱ्यावरून वळून आली, तेवढाच काय तो वेळ लागला. मर्ना उतरली. गाडी तीच चालवते आणि पेशंटही तीच बघते. तिनं एडाचं बोट टोचलं, यंत्राकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"साखर इतकी आहे की यंत्राला आकडा दाखवता येईना. काय खाल्लं हिनं?"

"काही नाही!" होलिस रडकुंडीला आला. "नुसता झाडाचा रस."

"मेपलच्या रसानं एवढी चढत नाही, काका. तुम्हीच विचार करा."

गाडी गेली. मी त्या स्वयंपाकघरात उभी राहिले, तर टेबलावर जग होता, अर्धा भरलेला. मी बोट बुडवून चाटलं. मग जग पदराआड, म्हणजे आपला कोटाआड, धरून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. आमच्या सभागृहात लाकडांची जुनी शेगडी आहे, दुपारच्या जेवणाची भांडी तिच्यावरच गरम होतात. सभा सुरू व्हायच्या आत मी तिच्यावर सारख्या आकाराची दोन पातेली ठेवली. एकात माझ्या झाडांचा, तळघरात बर्फात ठेवलेला रस. दुसऱ्यात त्या जगातला. दोन्ही एकाच मापानं.

"अध्यक्षबाई, आज सूप का?" कुणीतरी विचारलं.

"बघशील रे, धीर धर," असं म्हणून मी हातोडा आपटला.

सकाळ रस्त्यांच्या खर्चात आणि शाळेच्या छपरात गेली. मग घरपट्टी वाढवून अँब्युलन्स चालू ठेवायचा ठराव आला. ब्रदर उठले. बाहेरच्या माणसाला सभेत बोलायचं तर गावाची परवानगी लागते, ती लोकांनी हौसेनं दिली.

"झाड दुःखी आहे," ब्रदर म्हणाले. "का दुःखी आहे? कारण तुमच्यात शंका आहे! काल एक भगिनी आजारी पडली. का पडली? तिच्या शेजारी शंकेखोर बसले होते!"

माझ्याकडे माना वळल्या. तेवढ्यात दार उघडून होलिस आत आला. रात्रभर दवाखान्यात काढलेला, डोळे सुजलेले, हातात दुसरा रिकामा जग.

"शुद्धीवर आली," तो म्हणाला. "डोळे उघडल्या उघडल्या झाडाचंच पाणी मागितलंन. ब्रदर, एवढा भरून द्या. आणि मतही देऊन जातो, घरपट्टीच्या विरोधात."

मी हातोडा खाली ठेवला आणि उपाध्यक्षाला म्हटलं, "खुर्ची सांभाळ. आता मी अध्यक्ष नाही. गावची एक बाई म्हणून बोलणार." आणि व्यासपीठावरून खाली उतरले.

"होलिस, शेगडीपाशी ये. या पातेल्यात माझा रस आहे. सकाळपासून उकळतोय, काय दिसतं?"

"पाणी," होलिस म्हणाला. "पाक व्हायला अजून पुष्कळ आटायला हवा."

"आणि याच्यात?"

त्यानं वाकून पाहिलं. दुसऱ्या पातेल्यात दाट, काचेसारखा पांढरा पाक रटरटत होता, कडेनं करपायला लागला होता.

"वास घे."

"मेपलचा नाही हा." तो माझ्याकडे वळला. "विनी, हे काय आहे?"

"तुझ्या टेबलावरच्या जगातलं आहे. वाण्याकडची साखर आणि नळाचं पाणी. रस मेपलचा असता तर तिची साखर अशी चढली नसती. चार पेले पिऊनही नाही."

"शंका!" ब्रदर ओरडले. "शंकेनं अमृताचं विष—"

"तुम्ही गप बसा हो!" होलिस असा गरजला की खिडक्या थरथरल्या. जग काखेत मारून तो बाहेर गेला. आम्ही सगळे त्याच्या मागे. ब्रदर रोज सकाळी 'शेंड्याला आशीर्वाद द्यायला' शिडीवर चढायचे, पाठीवर पिशवी घेऊन. चढताना वाकून, उतरताना टुणटुणीत. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि हात जोडले होते. होलिस त्याच शिडीवर चढला, वरच्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला आणि ओढलं. रबराची फुगलेली पिशवी बाहेर आली. पिशवीला बारीक नळी, ती खोडाच्या मागून तोटीपर्यंत उतरलेली, नळीला चिमटा, आणि चिमट्याची दोरी ढोलीतून थेट खाली, ब्रदरांच्या उभं राहण्याच्या जागेमागे. रस बादलीत उतरवायला तसल्या नळ्या मार्चमध्ये आमच्या प्रत्येक झाडाला लागलेल्या असतात. त्यामुळे कुणी दोनदा बघितलं नाही.

ब्रदर घरगाडीकडे पळाले, पण मार्चचा चिखल कुणाचा भक्त नसतो. चाकं फिरत राहिली आणि गाडी रुतत गेली. गावचा पोलीस शिपाई शांतपणे चालत जाऊन दाराशी उभा राहिला.

आम्ही आत परतलो. मी परत खुर्चीवर बसण्याआधी एवढंच म्हटलं, "गावाच्या तिजोरीत आपण घालू तेवढंच येतं. रस आटवून पाहायची शेगडी आपल्याकडे घरोघर होती. एकानंही पेटवली नाही. मीही नाही, एडा पडेपर्यंत. यापुढे कुणी काही फुकट देतो म्हणाला, तर आधी उकळून बघा."

त्याच वेळी बाजूच्या शेडमधून अँब्युलन्स निघाली. कुणाचा तरी फोन आला असणार. तिचा भोंगा डोंगराच्या वाटेनं लांब लांब जात राहिला. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरची माणसं मोजत होता.

"ठरावाच्या बाजूनं कोण?"

पहिला हात होलिसचा. घरपट्टीला त्यानं जन्मात कधी हात वर केला नव्हता. मग बाकीचे, एकेक करत. ठराव थोडक्यात, पण पास झाला.

सभा संपल्यावर होलिस माझ्याजवळ आला. रिकामा जग अजून हातातच होता.

"ती मला विचारणार, विनी. एवढा गोड कशानं झाला होता म्हणून. श्रद्धेनं, असं वाटतंय तिला. काय सांगू?"

"साखर होती म्हणून सांग," मी म्हटलं. "आणि जग इथेच ठेवून जा."