हेल्मेटमधला श्वास

अंतराळात आवाज नसतो, हे मला जो तो येऊन ऐकवतो. अरे, मग मला बोलावता कशाला?

सिनेमाला आवाज पुरवायचं माझं काम. पडद्यावर कोणी चाललं की इथे मी चपला घालून चालते, कोणी दार लोटलं की मी लोटते. आमचे हे काचेपलीकडे बसून ते टिपून घ्यायचे. उभा जन्म दोघांनी असाच काढला. गेल्या हिवाळ्यात हे गेले. आता त्यांच्या खुर्चीत नवा ध्वनिमुद्रक बसतो. कामाला चोख आहे, पण काचेतून माझ्याकडे बघत नाही.

या सिनेमातली अंतराळवीर बाई यानापासून तुटून एकटीच तरंगत राहते. दृश्यं अशी की डोळ्यांचं पारणं फिटावं. खाली निळी पृथ्वी, तिच्या कडेला उजाडतंय, आणि मध्ये ही एवढीशी बाई. रेडिओ बंद पडलेला. ऐकू येतो तो फक्त हेल्मेटमधला तिचा श्वास, आणि तो मी स्टीलच्या पातेल्यात तोंड घालून द्यायचा.

आधी ती हात टेकते. तो श्वास मी पहिल्याच खेपेला दिला. त्यात मला कोण शिकवणार? मग तिला पुन्हा जगावंसं वाटतं. तो श्वास काही केल्या जमेना.

"मावशी, ही नुसती दमलेली वाटतेय," दिग्दर्शक मुलगी म्हणाली. "जगावंसं वाटत नाहीये हिला."

"मग ते आणू कुठून? वाण्याकडे मिळतं का?" मी खेकसले.

आज नाही जमलं तर दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागेल, असं तिने चाचरत सांगितलं. मला राग नाही आला, भीती वाटली. हे काम सुटलं की घरी बसायचं, आणि घरात आता आहे कोण?

आमच्यात एक रीत आहे. आवाज घेण्याआधी खोलीची नुसती शांतता टिपायची. पुढे ती सगळ्या आवाजांखाली अंथरतात. तेवढा वेळ कोणी हलायचंही नाही. ध्वनिमुद्रकाने त्या दिवशी कंटाळा केला आणि याच खोलीची जुनी शांतता काढली. ती चुकून माझ्या हेडफोनमध्ये सुरू झाली.

मी पातेल्यात तोंड घातलेलं. कानात शांतता. आणि मग गुर्रर्र.

यांचं पोट! शांतता टिपायची म्हटलं की ते हटकून बोलायचं, आणि मधलं दार हे कधी नीट लावायचे नाहीत. वर हे काचेतून मलाच ओठांवर बोट ठेवून दटावायचे, जसं काही पोट माझंच. "घरी गेल्यावर वाढते हो," मी नंतर म्हणायचे.

माझा श्वास अडकला. हसू फुटलं, त्याच्या मागोमाग रडू, आणि मग एवढा मोठा श्वास आत गेला की पातेलं घुमलं.

"हाच!" दिग्दर्शक ओरडली.

"त्याच्याखाली हीच शांतता घाला," मी म्हटलं.

"पण हिच्यात गुरगुर आहे," ध्वनिमुद्रक म्हणाला.

"असू दे."

त्याने पहिल्यांदाच काचेतून माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

सिनेमा लागला तेव्हा एकटीच गेले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली. पडद्यावर बाईने हात टेकले. थिएटर चिडीचूप. तिने तो मोठा श्वास घेतला, आणि त्याच्याखाली अगदी बारीक गुरगुर झाली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र यांची इतकी आठवण आली की राहवेना.

"अहो, घरी गेल्यावर वाढते," मी मोठ्याने म्हणाले.

पुढच्या रांगेतला माणूस मागे वळला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.