एक हजार बहिणी

माझा भाऊ सुदेश दहा वर्षं आमदार होता. मी रतन, त्याची थोरली बहीण. कोपरच्या खाडीवरची कोळीण आहे आणि डोंबिवली पश्चिमेच्या मार्केटात मासळी विकते. आय लवकर गेली, म्हणून याला मीच न्हाऊमाखू घातलं. पहिल्यांदा तिकीट मिळालं तेव्हा पापलेट कापता कापता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "बाय, मत माझ्या भावालाच हां!" कोळंबी वर घालायची, ती वेगळीच.

निवडून आला आणि आमची भाऊबीज गेली.

पहिल्या वर्षी आला, पण दारात दोन पोलिस, गाडी चालूच. करंजीचा एक तुकडा मोडला आणि पळाला. पुढच्या वर्षी ठाकुर्लीच्या मैदानात मोठा मांडव पडला. बॅनर काय, तर 'एक आमदार, एक हजार बहिणी'! सगळ्यांनी ओळीने ओवाळायचं आणि साडी घेऊन जायचं. मी फोन केला तर म्हणाला, "बाय, तिकडेच ये ना. कूपन पाठवतो." सख्ख्या बहिणीला कूपन! जळलं मेलं ते कूपन. तरी गेले. जीव राहतो का?

दोन तास उभी राहिले. मी टिळा लावत होते आणि हा फेटा बांधून फोटोवाल्याकडे बघत होता. हातात साडी ठेवली आणि म्हणाला, "ताई, आशीर्वाद असू द्या." जन्मात कधी मला ताई म्हटलं नव्हतं त्याने. मागून कार्यकर्ता ओरडला, "मावशी, पुढे सरका!" साडी मी शेजारच्या केशरबाईला देऊन टाकली.

त्यानंतर गेले नाही. दरवर्षी फोन मात्र करायची, "येतोस ना रे?" तो म्हणायचा, "बघतो." खाडीच्या चिखलातल्या निवट्यांचं कालवण करून ठेवायची, कारण तेवढं एक त्याला जिवापाड आवडतं. दुसऱ्या दिवशी ते मीच खायची. पाट मांडलेला असायचा, तो उचलताना फार वाईट वाटायचं. भाऊ मेला असता तर रडून मोकळी झाले असते. हा तर रोज चौकातल्या बॅनरवर हात जोडून हसत होता.

गेल्या निवडणुकीला मी आमच्या गावच्या शाळेत मतदानाला गेले. त्याची निशाणी समोर होती. बोट उचललं आणि मनात आलं, हा पडला तर घरी येईल. दुसऱ्या कुणाचं बटण दाबायला हात होईना, वैरीण का आहे मी त्याची? मग सगळ्यात खालचं नोटाचं दाबलं. कुणालाच नाही.

सातशे मतांनी पडला. माझ्या एका मताने काही झालं नसतं, हे मलाही कळतं. पण निकालाच्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला नाही. कुठल्या तोंडाने लावणार?

या भाऊबीजेला तो आला. न सांगता, रिक्षाने, एकटाच. दाढी वाढलेली. मी पाट मांडला, निरांजन लावलं. बसला, पण कान दाराकडे. फोन मांडीवर, सारखा उलटापालटा करत होता. कालवणाचा वास घरभर सुटलेला, त्याने नाकसुद्धा वर केलं नाही. अगो बाय, एवढी वाट बघितली ती याची?

मग खिशातून घडी पडलेला कागद काढला. बूथवार मतांची यादी. वर्ष व्हायला आलं तरी खिशात घेऊन फिरत होता.

"बाय, हे बघ. आपल्या शाळेचं बूथ. विरोधात कोणी दिलं, घर न् घर सांगतो तुला. पण नोटाला एक मत आहे. एकच. कोण असेल गं? इथलं माणूस, माझ्यावर एवढं रागावलेलं?"

तबक माझ्या हातात होतं. खोटं बोलणं मला जमत नाही. मार्केटात शिळा मासा ताजा म्हणून कधी विकला नाही मी.

"मी," म्हटलं.

तो हसला. "चल, काहीतरीच."

"मीच, सुदेश. मला तू घरी पाहिजे होतास."

हसू गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ त्याने माझ्याकडे कधी बघितलं होतं, आठवत नाही. मांडीवरचा फोन वाजला आणि वाजून थांबला.

"सांगायचंस ना," तो म्हणाला. "आलो असतो."

"दहा वर्षं सांगत होते रे."

त्याने यादीची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, आता उठून जाणार. ओवाळायचं तर डोक्यावर काहीतरी पाहिजे. लहानपणी याच्याकडे टोपी नसायची, तेव्हा मी माझ्या ओढणीचं टोक टाकायची. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग हात पुढे करून माझा पदर ओढला आणि डोक्यावर घेतला, पार डोळ्यांपर्यंत.

मी ओवाळलं. पदराखाली तो हमसून रडत होता. गेलेल्या खुर्चीसाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.