ब्रेकची चिठ्ठी

साहेबांना खुर्ची मिळाली तेव्हा घरच्यांना आभाळ ठेंगणं झालं. तीस वर्षं लष्करात वकिली केलेला माणूस आता सगळ्या सरकारी खात्यांच्या चुका धरणाऱ्या कार्यालयाचा प्रमुख झाला होता. साहेब मात्र गप्प होते. ही खुर्ची त्यांनी एकाच फायलीसाठी मिळवली होती, आणि ते बायकोलाही सांगायची सोय नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी लष्करी कोर्टात त्यांनी एका ट्रकड्रायव्हरवर खटला चालवला होता. उतारावर ट्रक सुटला, चार जवान गेले. ड्रायव्हर घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता, ब्रेक दाबला पण लागला नाही. ‘ब्रेक धरत नाही, गाडी काढू नये’ अशी चिठ्ठी मेकॅनिकने आदल्याच दिवशी दिली होती, आणि ती साहेबांच्या हाती आली होती. वरिष्ठांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि साहेबांनी ती पुराव्याला लावलीच नाही. ड्रायव्हरला सात वर्षं कैद झाली, साहेबांना बढती. याला पाप नाही तर काय म्हणायचं?

पहिल्याच सकाळी त्यांनी, ड्रायव्हरने न्यायासाठी या कार्यालयाकडे केलेल्या अर्जाची फाइल मागवली. सेक्रेटरीबाई नियमांत मुरलेल्या. त्यांनी फाइल आणली, पण छातीशी धरून उभ्या राहिल्या. प्रमुखाचा पूर्वी ज्या प्रकरणाशी संबंध आला असेल, ते त्याने शपथ घेतली की आपोआप मूळ खात्याकडे परत जातं आणि तिथे कायमचं बंद होतं, असं त्यांनी सांगितलं. मग राजीनामा देतो, असं साहेब म्हणाले. पण राजीनाम्यानेही बंद झालेलं प्रकरण उघडत नव्हतं. जन्मभर कायद्याचा कीस काढलेल्या माणसाने नेमका हाच नियम वाचला नव्हता. खुर्चीवर डोळा असला की असं होतं.

“खटला पुन्हा चालवावा, असा आदेश टाइप होऊन पडलाय,” बाई हळूच म्हणाल्या. “फक्त नव्या प्रमुखाची सही राहिली होती. तुमच्याऐवजी दुसरं कुणीही आलं असतं तर ती आज झाली असती.”

साहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं.

त्यांनी ड्रायव्हरला बोलावून घेतलं. तो धुतलेला शर्ट घालून, हसतच आला. खटला आतून माहीत असलेले साहेबच प्रमुख झाले म्हणजे आता काळजी मिटली, असं तो शेजारपाजारी सांगून आला होता. साहेबांनी त्याला बसवलं आणि काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. नियम सांगितला, चिठ्ठीही सांगितली. तो अंगावर धावून येईल असं त्यांना वाटत होतं. आला असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे मी ब्रेक दाबला होता?” त्याने विचारलं.

“दाबला होतात.”

तो टेबलाकडे बघत बोलू लागला.

“आई सारखी विचारायची, खरं सांग, दाबला होतास ना? हो म्हटलं तरी तिचा विश्वास बसेना. मग माझाही बसेना. तिच्या शेवटच्या आजारपणात सांगून टाकलं, नाही दाबला, डुलकी लागली होती. तेव्हा कुठे विचारायची थांबली.” त्याने मान वर केली. “आता तिला कुणी सांगायचं, साहेब?”