चाळलेली धूळ

थोरलीने पिठाची चाळण बॉनेटवर धरली आणि हलक्या हाताने हलवली. गोठ्याच्या कोपऱ्यातून सुपलीत भरलेली माती झिरझिर खाली उतरली आणि काळ्याभोर पत्र्यावर बसली.

"थोडी अजून," शौकीन म्हणाला. "काचेवरही. वाटलं पाहिजे, वर्षानुवर्षं इथे चिटपाखरू फिरकलेलं नाही."

हा शौकीन म्हणजे जुन्या मोटारींच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस. कुणाकुणाचे पडके गोठे आणि कोठारं धुंडाळायची, आत विसरून गेलेली गाडी शोधायची, तिचा व्हिडिओ करायचा आणि मग ती नेऊन नव्यासारखी करायची, हा त्याचा उद्योग. लोक त्या व्हिडिओंवर जीव टाकायचे. दार करकरतं, उजेड आत शिरतो, धुळीच्या थराखाली एखादा दिवा चमकतो. थोरलीने त्याला फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "आमच्या अप्पांची गाडी मागे गोठ्यात पडून आहे. कुणी ढुंकूनही बघत नाही."

आणि आज दार उघडलं तर गाडी लख्ख. बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा इतकी.

शौकिनाचा चेहरा पडला होता. "हे काय ताई? ही सापडलेली गाडी कुठे वाटते? ही तर लग्नाला निघालीये."

गाडी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, आईला जाऊनही. थोरली अप्पांकडे यायची ती पुढच्या खोलीत टेकायची, औषधं आहेत ना ते विचारायची, घड्याळाकडे बघत चहा घ्यायची आणि निघायची. मागे गोठ्यापर्यंत ती कधी गेलीच नव्हती. कुणी ढुंकूनही बघत नाही, हे तिने स्वतःवरून ठरवून टाकलं होतं. ते लक्षात आलं आणि तिचे कान तापले. पण शौकिनाने पाठ फिरवली असती, तर गाडी भंगारातच गेली असती. महिनाअखेर हे घर रिकामं करून अप्पा तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यायचे होते, आणि घर सोडायला ते एकाच अटीवर तयार झाले होते: गाडी चांगल्या घरी पडली पाहिजे. म्हणून तिने त्यांना चहा टाकायला लावला आणि त्यांची पाठ वळताच चाळण लांबवली.

अप्पा ट्रे घेऊन दारात आले. खांद्यावर पिवळं फडकं होतं. त्यांनी चाळण बघितली, बॉनेट बघितलं, मग लेकीकडे बघितलं.

"चहावर उडेल गं," ते म्हणाले.

"अप्पा, ते व्हिडिओसाठी…"

पुढचं शौकिनानेच समजावलं. माणूस वाईट नव्हता, काका काका करत बोलला. अप्पांनी ट्रे खाली ठेवला. "असं होय," म्हणाले, आणि खांद्यावरचं फडकं काढून, नीट घडी करून त्यांनी खिशात सारलं.

कॅमेरा सुरू झाला.

"काका, हे दार शेवटचं कधी उघडलं होतं?"

अप्पांनी थोरलीकडे पाहिलं. ती चाळणीच्या जाळीत डोळे घालून उभी होती.

"आठवत नाही बुवा," ते म्हणाले. "कोण येतंय इकडे?"

"आणि हा पोचा? अपघात झाला होता?"

डाव्या मडगार्डवरचा तो पोचा आईचा होता. गाडी शिकताना तिने फाटकाचा खांब ठोकला होता आणि घरात येऊन सांगितलं होतं, खांबच मध्ये आला. शेवटपर्यंत तिने ते सोडलं नाही आणि अप्पांनी तो पोचा काढू दिला नाही. पुढे घरात कुणाच्या हातून कप फुटला तरी खांबच मध्ये यायचा.

"काय माहीत," अप्पा म्हणाले. "असेल कशाचा तरी."

बोलता बोलता त्यांचा हात पोच्यावर गेला आणि बाही गोल फिरली. धुळीत बशीएवढं काळं वर्तुळ उमटलं.

"काका! पुसू नका!"

"चुकलं," अप्पा ओशाळले. "रोजची सवय…" त्यांनी जीभ चावली. "चुकलं."

थोरलीने त्या वर्तुळावर पुन्हा माती चाळली. दुसऱ्या खेपेलाही तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि हात पुन्हा तिथेच गेला.

"ताई, तुम्ही त्यांच्याजवळ उभ्या राहा," शौकीन म्हणाला. "हात धरा त्यांचा. दिसायलाही छान दिसेल."

तिने हात धरला. याआधी कधी धरला होता ते तिला आठवेना. त्यांची बोटं पोच्याकडे ओढ घेत होती आणि ती त्यांना आवरत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा मात्र या खेपेला न अडखळता खोटं बोलले.

"झकास!" शौकीन म्हणाला. "गाडी घेतली, काका. परवा ट्रक पाठवतो."

अप्पा थोरलीच्या कानाशी वाकले. "नीट बोललो ना गं? तुझा शब्द खाली नाही ना पडला?"

तिने मान डोलावली.

"मग आता पुसू का?"

"नको, नको," शौकीन कॅमेरा आवरता आवरता म्हणाला. "ट्रकमध्ये चढतानाही अशीच हवी."

"बरं."

अप्पांनी खिशातून फडकं काढलं. घडी उलगडून ते थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी थोरलीचा मातीने भरलेला हात उलटा केला आणि एकेक बोट पुसायला लागले, अगदी नखांच्या कडांपर्यंत.

"दुसरा दे," ते म्हणाले.