तळ्याकाठचं सातवं घर

हॉलंडातल्या हेग शहरात राजपुत्राच्या वाढदिवसाला रोषणाई व्हायची, आणि तिचं चित्र तिच्या आधीच छापून तयार असायचं. कोणत्या बड्या घरी किती दिवे लागणार, हे आठवडाभर आधी विचारून माझे मालक मास्टर काल्फ तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे. छापलेल्या कागदावरच्या खिडक्यांत पिवळा रंग मी भरायची. १७८८ साली तळ्याकाठच्या सातव्या घरालाही मी पिवळा भरला.

त्या घरच्या फान वेसेमबाईंचा मुलगा राजपुत्राच्या विरोधात गेला म्हणून परागंदा झाला होता. ऐन दिवशी बाईंनी ठरवलं, एकही दिवा लावायचा नाही. माझी लेक नेल्ये त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती.

संध्याकाळी राजपुत्राच्या पक्षाच्या नारिंगी फिती लावलेला जमाव निघाला. पुढे मासेवाली ब्रेख्ता, हातात आमचंच चित्र. चित्राशी ताडून बघत ती एकेक घर पुढे सरकत होती. मागच्यांच्या खिशांत अंधाऱ्या घरांसाठी दगड होते.

मी दुकानात धावले. मास्टर म्हणाले, चित्र विकलं, आता आपला संबंध संपला. मी डिंकाच्या पाण्यात काजळी खलली, एका रंगवलेल्या प्रतीवर सातव्या घराच्या खिडक्या काळ्या केल्या, दारावर सुतकाचा काळा पडदा काढला आणि कागदावर फुंकर मारत पळाले.

पोचले तेव्हा वरची एक काच फुटली होती.

"ब्रेख्ताबाई, तुमची प्रत चुकीची रंगवली गेली," मी म्हणाले. "खरी ही. घरात सुतक आहे."

"कोण गेलं?"

"बाईंची बहीण. लायडनला."

तिनं मशालीखाली कागद धरला. छापील चित्रात सुतक दिसल्यावर मागचे गप्प झाले. एकानं टोपीही काढली. ब्रेख्तानं पडद्यावर अंगठा ठेवला, उचलला आणि बघितला. काळा झाला होता.

ती माझ्या कानाशी आली. "बहीण आत्ताच गेलेली दिसते, अजून ओली आहे. आत कोण आहे तुझं?"

"मुलगी. सोळा वर्षांची."

तिनं अंगठा एप्रनला पुसला आणि मागे वळली.

"सुतकाचं घर आहे. आता दगड उचलेल त्याची माझ्याशी गाठ. चला पुढं."

फान वेसेमबाईंना बहीण कधी नव्हतीच. तरी दुसऱ्या दिवसापासून सहा आठवडे त्यांना, नेल्येला आणि घरातल्या सगळ्यांना काळे कपडे घालावे लागले.