काचेकडे पाठ

"डॉक्टर, जरा इकडे वळून उभे राहता का? काचेकडे पाठ करून."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण वळले. थोरली लेकही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काचेपलीकडच्या खोलीत खाटेवर तिचे आप्पा बसले होते, शेजारच्या खुर्चीत आई. दोघांचाही जन्म गिरणीत मागावर गेलेला. तिथल्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे नुसत्या ओठांनी बोलायचे आणि ओठांवरूनच समजून घ्यायचे. घरी त्यांची भांडणंसुद्धा अशीच व्हायची, बिनआवाजाची. शेजाऱ्यांना वाटायचं, काय गुणी जोडपं आहे! आता अशा माणसापासून काचेआड काही लपवायचं म्हणजे नाकीनऊच.

"हं, सांगा," ती म्हणाली.

"घशातला कॅन्सर मानेतल्या गाठींपर्यंत गेलाय. डाव्या बाजूच्या दोन गाठींत सापडलाय." डॉक्टरांचा आवाज दमलेला होता. सकाळपासून किती जणांना असं सांगितलं असेल, कोण जाणे. "गाठी स्वच्छ निघाल्या असत्या तर मी बिनधास्त बोललो असतो. आता बरं होण्याची शक्यता साधारण निम्मी धरा."

"निम्मीच?"

"निम्मी आहे, असंही म्हणता येईल. स्वरयंत्र काढावं लागेल, गाठीही काढू, मग रेडिएशन. आवाज जाईल. फार थांबू मात्र नका. दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवं."

तिनं मान डोलावली. गेला महिनाभर ती नुसती धावत होती. तपासण्या, रांगा, सुट्टीसाठी साहेबाची मनधरणी. रडायलाही अंगात त्राण लागतं, तेवढंही उरलं नव्हतं. तिनं रुमालानं चेहरा पुसला, कसंनुसं हसली आणि दार ढकललं.

"काय म्हणाले गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. साध्या गाठी आहेत. घशाचं छोटंसं ऑपरेशन करतील, एवढंच."

"बघा! मी म्हणत नव्हते?" आईचा जीव भांड्यात पडला. तिनं बाटली उचलली आणि पाणी आणायला निघाली. दाराशी पोचली तशी आप्पांनी हात वर करून तिला काहीतरी म्हटलं, नुसत्या ओठांनी. आई डोळे बारीक करून बघत राहिली.

"काय? मोठ्यानं बोला हो. मला दिसत नाही."

"सावकाश जा," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

आई भिंतीला हात लावत बाहेर गेली. आप्पा लेकीकडे वळले.

"पसरलाय ना?"

"काहीतरीच काय! डॉक्टर तर म्हणाले..."

"डॉक्टरांचे ओठ मला दिसलेच नाहीत. तूच त्यांना पाठमोरं उभं केलंस." त्यांनी दम घेतला. "चांगलं सांगायचं असतं तर कशाला फिरवलं असतंस?"

थोरलीला स्वतःचाच भयंकर राग आला. एवढं डोकं चालवलं आणि नेमकी तिथंच माती खाल्ली. ती खाटेच्या कडेला बसली. तिनं नुसत्या ओठांनी सांगितलं. दोन गाठी. निम्मी आशा. आवाज जाणार. आप्पांनी एकेक शब्द नीट बघून घेतला.

"करून टाकू," ते म्हणाले. "बिनआवाजाचं बोलायला मला काय कोणी शिकवायला हवं?"

ती हसली आणि हसताहसताच तिला हुंदका आला. आप्पांचं मात्र तिच्याकडे लक्ष नव्हतं. काचेतून ते बाहेर बघत होते. व्हरांड्यात आई एका नर्सला नळ कुठे आहे ते विचारत होती, अगदी तिच्या तोंडापाशी तोंड नेऊन.

"दोन वर्षं मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळतेय ती," आप्पा म्हणाले.

"माहितेय. पण आत्ता तुमचं..."

"आधी तिचं. याच आठवड्यात. एक डोळा झाला तरी पुरे." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "मग खुशाल न्या म्हणावं माझा आवाज."