चांद्याच्या वाटचा चोथा

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळी अमडापूरच्या उकंडरावांच्या गोठ्यात दोन गोऱ्हे होते, रत्न्या आणि चांद्या. दोघेही सहा महिन्यांच्या आतबाहेरचे. पण रत्न्याची आई गोठ्यात उभी होती, आणि चांद्याची चैत्रातच गेली. जोडी जमायची तर दोघं सारखे भरले पाहिजेत, नाहीतर जू तिरकं बसतं. पोळा झाला तशी उकंडरावांनी सुतळीनं दोघांची छाती मोजली. सात बोटांचा फरक निघाला.

"ऐकून राह्यली ना?" ते बायकोला म्हणाले. "कोजागिरीले फरक चार बोटांच्या आत आला तर ठेवू. नाहीतर चांद्याले बाजारात नेतो. सरकीची ढेप एकालेच पुरते."

अंबूबाईंनी त्या वासराला बोट चोखवून दूध पाजलं होतं. त्या उठल्या. तुळशीला पाणी घातलं, गायीला घास दिला आणि टोपली घेऊन वैद्य शालिग्रामबुवांच्या मागच्या दारी गेल्या.

बुवांकडे शतावरी, आस्कंद, गुळवेल असं काहीबाही रोज मोठ्या पातेल्यात उकळायचं. काढा गाळला की उरलेला चोथा उकिरड्यावर. त्या उकिरड्यावर चरणारी बुवांची गाय कशी तुकतुकीत दिसते, हे अंबूबाईंनी येता-जाता पाहून ठेवलं होतं.

"चोथा कोणाले पायजे?" बुवांनी विचारलं.

"चांद्याले."

"मंग घेऊन यायचं होतं त्याले. जीभ पाह्यली असती, नाडी पाह्यली असती." बुवा हसले, पण टोपली भरून दिली. "सोनामुखीचा चोथा मी वेगळा टाकतो. तो नेऊ नका, वासरू दावणीले ठरणार नाही. बाकीचा वाळवून घाला, ओला ठेवला तर बुरशी धरते. पहिले मूठभर, मग वाढवत जा."

अंबूबाई तसंच करू लागल्या. अंगणात गोणपाटावर चोथा वाळवायचा, काड्या वेचून टाकायच्या, कुटाराच्या भुश्यात कालवायचा, वरून चिमूटभर मीठ आणि रत्न्याच्या घमेल्यातली दोन मुठी ढेप. चांद्या पहिल्या दिवशी हुंगून मागे सरला. चौथ्या दिवशी घमेलं चाटू लागला.

"औषधावर वाढून राह्यला," उकंडराव म्हणायचे. "उद्या याले शेतात नेलं तर म्हणेल, पहिले काढा आणा."

घटस्थापनेला सुतळी लावली. फरक पाच बोटांवर आला होता. उकंडरावांनी दुसऱ्यांदा मोजलं.

पुढं मात्र सुतळी सरकेना. नवरात्रात चांद्याचं घमेलं अर्धंच भरू लागलं, कारण गोणपाटावर सकाळी पसरलेला चोथा संध्याकाळी निम्मा असायचा. अंबूबाईंनी चिमण्यांवर संशय घेतला, मग शेजारच्या शेळीवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवरून लवकर परतल्या, तर मागच्या चुलीवर लोटकं उकळत होतं आणि समोर नवऱ्याची आत्या, सत्यभामाबाई, पदरानं धूर वारत बसली होती.

"आत्याबाई, हे काय?"

"गुडघ्याचं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या.

"बुवा देत होते की काढा. तुम्हीच नाही म्हटलं."

"त्याच्या काढ्यासंगं पथ्य येते. ताक बंद, चिंच बंद. मंग भाकर काहासंगं खाऊ? वासराले त्यानं कोणतं पथ्य सांगतलं? काहीच नाही. मंग वासराचंच बरं."

अंबूबाईंना हसू आलं आणि रडूही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईची चोरी नवऱ्याला सांगायची कशी? त्यांनी नुसतं म्हटलं, "चांद्या जाईल हो बाजारात." आत्याबाई लोटक्यात फुंकत राहिल्या.

कोजागिरीला सकाळीच उकंडरावांनी सुतळी लावली. पाच बोटं, तसूभर कमी नाही.

"औषधानं तोंड फिरवलं," ते म्हणाले आणि चांद्याचं दावं सोडू लागले. अंबूबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे पाहीनात, आत्याबाईंकडेही पाहीनात.

"थांब बे," आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या. "त्याच्या वाटचं म्या पेलं."

"काय पेलं?"

"चोथा. उकळून. पंधरा दिवस."

उकंडराव दावं हातात धरूनच ओट्याकडे वळले.

"मंग आता बाजारात कोणाले नेऊ आत्ये, तुले का त्याले?"

"मले ने. पण घेणाऱ्याले सांगजो, ताकाबिगर खात नाही."

"अन् गुडघे?"

"दुखतेतच," आत्याबाई पडेल आवाजात म्हणाल्या. "त्या चोथ्यात राह्यलं काय होतं? सारा कस तर बुवानंच काढून घेतला."

उकंडरावांनी दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. "तुळशीच्या लग्नापर्यंत," ते अंबूबाईंना म्हणाले. "पण चोथ्यावर राखण बसव."

राखणीला आत्याबाईच बसल्या. काठी घेऊन गोणपाटाशेजारी दिवसभर. चिमणी आली तरी तिला मागच्या सात पिढ्यांचं ऐकवायच्या. टोपली आणायलाही त्याच लंगडत जाऊ लागल्या, आणि बुवांनी गुडघ्यांची विचारपूस केली की म्हणायच्या, "माह्यं राहू दे. रोगी घरी बांधला आहे."

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सुतळीचं एक टोक धरायला आत्याबाई न बोलावता पुढं झाल्या. उकंडरावांनी चांद्याच्या छातीभोवती सुतळी फिरवली.

"आत्ये, ढील नको देऊ."

"मी काहाले ढील देऊ? वासरू दम घेऊन राह्यलं."

"मंग तो दम सोडतवर थांबू."

चांद्यानं दम सोडला, कान हलवले. उकंडरावांनी सुतळी घट्ट ओढली, रत्न्याच्या मापाला मारलेल्या गाठीशी धरली आणि बोटं ठेवली. एक, दोन, तीन. चौथं बोट अर्धंच मावलं. त्यांनी पुन्हा ठेवून पाहिलं, अंगठ्यानं दाबून.

"साडेतीन," ते म्हणाले.

आत्याबाईंनी अजून सुतळी सोडली नव्हती. अंबूबाईंनी ती त्यांच्या मुठीतून हळूच सोडवून घेतली आणि घमेलं भरायला गोठ्यात गेल्या.